घरबसल्या रॉकेट पाह्यचं कसं

भाऊ, नागपूरच्या गच्चीवरून श्रीहरिकोटा काही दिसत नाही. तिथं जायचंच असलं तर इस्रोच्या साईटवर व्ह्यू गॅलरीचं रजिस्ट्रेशन सुरू झालं की लगेच करून टाका, मग गाडीनं चेन्नई अन् तिथून लोकलनं श्रीहरिकोट्याजवळचं सुल्लुरपेटा.

घरीच पाहात असाल तर अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटचं लाइव्ह उड्डाण लावा. अडीचेक मिनिटांत बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा भाग, वेगळा होते, लोकं इथंच मोबाईल ठेवून तर्री पोहे घ्यायला उठतात, अन् खरी मजा तर आठव्या मिनिटाला राहते, तोच बूस्टर परत खाली उतरते, शेवटच्या क्षणी त्याचे पाय उघडतात, नुसता धूर, अन् पठ्ठ्या उभा! खालची 9 इंजिनं वाचली ना बाप्पा, महाग भाग तोच. पण परतीसाठी इंधन राखावं लागते म्हणून वर वजन कमी नेता येते, अन् वर्षाला दोन-चारच उड्डाणं असली तर हा खटाटोप परवडणं कठीणच.