चुरमुरे, लिंबू आणि पहिले तीन महिने

आधी गरोदरपणाचे आठवडे मोजायला शिका. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. म्हणून टेस्टवर दोन रेघा दिसल्या तेव्हा मी एकदम पाच आठवड्यांची गरोदर निघाले!

फॉलिक ॲसिड खरं तर दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं. राहून गेलं असेल तर डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतात, ती नीट जुळायला ते लागतं, आणि ही नळी सहाव्या आठवड्याच्या आसपास बंद होते. तोवर कित्येकींना पत्ताच नसतो.

आता मळमळ. म्हणायला सकाळची, मला मात्र संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये व्हायची. उशाशी डब्यात चुरमुरे ठेवा. डोळे उघडले की उठायच्या आधी मूठभर चावायचे, दहा मिनिटं पडून राहायचं, चहा नंतर. पर्समध्ये लिंबू, सालीला नख लावून हुंगायचं. सासूबाईंचा आलेपाक मानवला, बडीशेप अजिबात नाही. पाणीही टिकेना, लघवी कमी आणि गडद झाली, रक्त दिसलं किंवा पोटात जोरात दुखलं, तर घरचे उपाय बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे.

सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर चवळीच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात एक ठिपका लुकलुकत होता. तीच धडधड. मी नवऱ्याचा हात इतका दाबला की तो ओरडला. पुढची सोनोग्राफी ११ ते १३ आठवड्यांत, ती चुकवू नका.

गरोदरपणाची नोंदणी बाराव्या आठवड्याआधी करा, माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. माझ्या कार्डात अजून एक चुरमुरा चिकटलाय.