माथेरानचा ओझ्याचा घोडा कसा रेखाटावा

मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर रस्त्यावरून हद्दपार होऊ लागल्या. कामाचा घोडा समोर बसून रेखाटायचा असेल, तर आता माथेरान गाठावं. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे पर्यटक तर घोड्यावर बसतातच, पण गॅसचं सिलिंडर आणि किराण्याची पोतीही घोड्याच्या पाठीवरून जातात.

जाड कागदाची वही आणि 6बी पेन्सिल पुरे. बसण्याआधी घोडेवाल्याला विचारा, त्याच्या गिऱ्हाइकाच्या आड येऊ नका. घोड्याच्या मागे तर कधीच उभे राहू नका. तुम्ही त्याला दिसाल असे बाजूला बसा.

सुरुवात ओझ्यापासून करा, हा माझा आग्रह आहे. बहुतेक जण आधी मान आणि अयाळ काढतात, मग उरल्या जागेत सामान कोंबतात. घोडा देखणा होतो, पण त्याच्यावर भार आहे असं वाटतच नाही. म्हणून दोन्ही बाजूंना लटकणारे सिलिंडर आधी ढोबळ मांडा. तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, कुठे आवळलाय, दोर कुठे ताणलाय ते पाहा. पाठीची रेघ त्यानंतर ओढा.

आता प्रमाण. डोक्याची लांबी पेन्सिलीवर मोजा. मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत साधारण अडीच डोकी, छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत, म्हणजे मागच्या मांसल भागापर्यंतही तेवढीच.

खरी फसगत पायांत होते. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, तो गुडघा नसून आपल्या टाचेच्या जागचा सांधा आहे. गुडघा वर, पोटालगत असतो. ताटकळलेला घोडा मागचा एक पाय सैल सोडतो: खुराचं टोक तेवढं टेकतं, त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरतो आणि भार दुसऱ्या पायावर जातो. दोन्ही पुठ्ठ्यांना जोडणारी तिरकी रेघ हलकेच आखून घ्या. ती चुकली, तर पुढची छटा कितीही सुरेख भरा, घोडा लाकडीच दिसतो.

चालता घोडा हवा असेल, तर पावलांचा क्रम ध्यानात ठेवा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. या चालीत दोन तरी खूर जमिनीवर असतातच.

चित्र घोडेवाल्याला दाखवा. तंग जरा मागे सरकला असेल, तर त्याला लगेच कळेल. दुरुस्ती घोडा समोर असतानाच करून घ्या.