शेगडीची कॉइल वळताय? आधी गेज ठरवा

किती वॉटची शेगडी आहे एवढंच विचारून जो दुकानदार नायक्रोमची तार तोडून देतो, त्याच्याकडून तार घेऊ नका. वॉटवरून फक्त रेझिस्टन्स (तार विजेला किती अडवते ते) कळतो, गेज म्हणजे तारेची जाडी नाही. तेवढाच रेझिस्टन्स बारीक तारेच्या आखूड तुकड्यातही मिळतो आणि जाड तारेच्या लांब तुकड्यातही. लाल दोन्ही होतात, पण बारीक तार लवकर जळते.

कळव्यात माझं मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. ऐरोली-रबाळेकडे पीजीत राहणारी पोरं शेगड्या घेऊन येतात आणि ‘ताई, कॉइल पुन्हा गेली’ म्हणून उभी राहतात. बहुतेकांच्या शेगडीत बारीक तारच भरलेली असते.

हिशेब सोपा आहे. घरातली वीज 230 व्होल्टची, म्हणून 230 गुणिले 230, भागिले वॉट, की रेझिस्टन्स ओहममध्ये मिळतो. 1000 वॉटला 53 ओहम येतात. 80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियमच्या नायक्रोममध्ये 28 गेजला मीटरमागे साधारण 9.8 ओहम, 26 ला 6.6 आणि 24 ला 4.4. (आकडा मोठा तेवढी तार बारीक, नवशिके इथेच फसतात.) म्हणजे 53 ओहमसाठी 28 ची साडेपाच मीटरच्या आत, 26 ची आठ आणि 24 ची बारा मीटर तार लागते. आता गंमत बघा. 24 च्या तारेचा पृष्ठभाग 28 च्या तिपटीहून जास्त भरतो. उष्णता तेवढीच, पण बाहेर पडायला जागा तिप्पट, म्हणून तार कमी तापते. मग 24 च का नको? 1000 वॉटच्या छोट्या प्लेटच्या खाचेत ती दाटीवाटीने बसते. मी 26 वापरते. 2000 वॉटला 22 गेज, साडेनऊ मीटरच्या थोडी वर.

वळायला 4 मिलीमीटरची सरळ सळई हँड ड्रिलमध्ये पकडा. तारेचं टोक चकमध्ये (ड्रिलच्या तोंडाच्या पकडीत) सळईसोबतच अडकवा. एकाने ड्रिल हळू फिरवायचं, दुसऱ्याने हातमोजा घालून तार ताणून धरायची. ताण ढिला पडला की वेढे एकमेकांवर चढतात. आठ मीटरचे 570 च्या आसपास वेढे होतात आणि स्प्रिंग जेमतेम 26 सेंटीमीटर भरते. दोन्ही टोकांना वीतभर तार जादा ठेवा, ती आठ मीटरमध्ये धरू नका. ती दुमडून पीळ द्या. दुहेरी तार कमी तापते, त्यामुळे स्क्रू जळत नाही. सोल्डर करू नका, वितळून जाईल.

खाचेत सुतळी बसवून लांबी मोजा आणि स्प्रिंग दोन्ही टोकांना धरून एका दमात तेवढी ओढा. मधूनच बोटांनी ओढलीत तर काही वेढे दाट राहतात आणि तिथेच तार आधी तुटते.

प्लगच्या दोन पिनांमध्ये (अर्थची जाड पिन सोडून) मल्टीमीटर 53 च्या जवळपास दाखवायला हवा. या दोन पिना आणि बॉडी यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये. सिरीज बल्बवर (शेगडीच्या वाटेत बल्ब जोडून तपासण्यावर) भागवू नका, 53 ओहम आणि शॉर्ट यांत बल्बच्या उजेडात फरक कळत नाही. पहिल्यांदा भांडं न ठेवता तापवा. तार काळपट होईल. तो थर घासू नका, तोच तारेला वाचवतो. 2000 वॉटला जवळजवळ 9 अँपिअर लागतात, तेव्हा 16 अँपिअरचाच सॉकेट. आणि उघड्या कॉइलला हात लावण्याआधी नुसतं बटण बंद करून चालत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही करंट असतो. प्लगच काढा.

तुटलेल्या कॉइलची टोकं वाकवून एकमेकांत अडकवून जोडणारेही भेटतात. त्यात तारेचा दहावा हिस्सा गेला की 1000 ची शेगडी 1100 च्या वर जाते, उरलेली तार आणखी तापते, आणि जोडाशी ठिणग्या उडतात त्या वेगळ्याच. दोन-चार दिवसांची सोय म्हणून ठीक आहे. नवी तार मात्र तोवर आणून ठेवा.