नाही म्हणा, मग फोन ठेवा आणि टेडी घ्या

कामं गळ्याशी आलीयेत, झोपेचे वांधे झालेत, तरी कोणी काही मागितलं की तोंडातून "हो हो, करते की" निघून जातं, अशांसाठी हे लिहितेय. नाही कसं म्हणायचं याचे सल्ले ढीगभर मिळतात, पण नाही म्हटल्यानंतरची जी दहा-पंधरा मिनिटं असतात ना, ती धडधड, त्यांना राग आला असेल का वगैरे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते आपण तिथेच ढेपाळतो.

आधी, लगेच उत्तर देऊ नका. "बघून संध्याकाळी सांगते", एवढंच. (संध्याकाळी खरंच सांगा, लटकवून ठेवणं हे नकारापेक्षा वाईट.) मधल्या वेळात कॅलेंडर उघडा आणि स्वतःला विचारा, हेच काम उद्या करायचं असतं तर घेतलं असतं का? कारण पुढच्या महिन्यातलं काम असलं की आपण बिनधास्त हो म्हणतो. झाउबरमन आणि लिंच या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की पुढे आपल्याकडे जास्तीचा वेळ असेल असं माणसाला फार वाटतं, जास्तीचा पैसा असेल असं वाटण्यापेक्षाही जास्त. मग पुढचा महिना येतो तो असाच गच्च भरलेला.

नकाराचं वाक्य छोटं ठेवा. "या आठवड्यात नाही जमणार मला." कारण द्यायचंच तर एक द्या, कारण चार कारणं दिली की समोरचा एकेक सोडवत बसतो, गाडी नाही म्हणालात तर न्यायला येतो म्हणेल, मुलांची परीक्षा म्हणालात तर परीक्षेनंतर करू म्हणेल, आणि शेवटी तुमच्याकडे कारणच उरत नाही. बॉसला सरळ नाही म्हणता येत नसेल तर "सर, हे घेते, पण मग हातातल्या दोनपैकी कुठलं मागे ठेवू?" असं विचारा, ठरवू देत त्यांना. परत विचारलं तर तेच वाक्य परत. नवीन काही शोधायचं नाही.

आता ती दहा-पंधरा मिनिटं. मेसेज गेला, दोन टिका निळ्या झाल्या, उत्तर नाही, आणि तुमची बोटं शिवशिवायला लागतात की "बरं बघते काहीतरी अ‍ॅडजस्ट करून" असं टाकावं. हा दुसरा मेसेज जाऊ द्यायचा नाहीये, म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हातात लहानपणीचं खेळणं घ्या, कापडी ससा, कान तुटलेलं अस्वल, जे असेल ते. हसू नका! ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक विनिकॉट यांनी १९५३ च्या लेखात हेच मांडलं होतं, मूल आईपासून थोडं सुटं व्हायला शिकतं तेव्हा अशी एखादी मऊ वस्तू त्याला मधला आधार देते. मोठेपणी कोणाची नाराजी सहन करतानाही तसंच काहीतरी होत असावं, निदान माझं होतं. शिवाय हात गुंतलेले राहतात, हा साधा फायदा आहेच.

आणि टेडी हे नावही एका नकारातूनच आलंय, १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ 'टेडी' रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आलं आणि मग खेळणं. (अस्वल वाचलं नाही, त्याला मारायला दुसऱ्याला सांगितलं, हे मात्र बरेच जण गाळतात.)

खेळणं माळ्यावरून काढलंत तर लगेच मशीनमध्ये टाकू नका. विनिकॉट यांनीही लिहिलंय की आई ते मळकं, वासाचं राहू देते, कारण धुतलं की मुलासाठी काहीतरी तुटतं. ऊन दाखवा, धूळ झटका, शिवण उसवली असेल तर तेवढेच टाके घाला, आणि डोळा पडला असेल तर नवीन बटण लावायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी नाही लावलं.