टणक काडीकचरा कुजवायचाय? ढीग रचण्याआधीची तयारी

छाटणी झाली की फांद्या कोपऱ्यात वाळत टाकायची सवय आधी सोडायला हवी. ओली फांदी कात्रीने सहज तुटते, तीच वाळली की करवत काढावी लागते. म्हणून छाटणी आणि तुकडे करणं एकाच दिवशी उरकेल एवढा वेळ हाताशी ठेवा. जाड हातमोजे, धारदार छाटणीची कात्री, छोटी करवत, हातोडा आणि डोळ्यांना चष्मा एवढं आधीच जवळ असू द्या. चिकाच्या झाडांसाठी चष्मा लागतोच. श्रेडर (फांद्यांचा चुरा करणारं मशीन) वापरणार असाल तर फांदी पुढे ढकलायला लांब काठी ठेवा आणि अडकलेलं काही काढण्याआधी मशीनचा प्लग काढा.

मग जाडीनुसार वाटणी करा. अंगठ्याहून जाड लाकूड ढिगात मिसळू नका, ते तळाशी आडवं पसरा, म्हणजे खालून हवा खेळते. रोगट फांद्या आणि मुळांपासून पुन्हा फुटणारं तण घरगुती ढिगात नकोच, कारण तो सगळीकडे सारखा तापत नाही.

बाकीच्याचे दोन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे पुरेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काडी उभी चिरणं किंवा दगडावर ठेवून ठेचणं. आडव्या कापलेल्या काडीची फक्त दोन टोकं उघडी पडतात, बाजूची साल पाणी आत जाऊ देत नाही. ठेचलेल्या काडीचे धागे सुटतात आणि आतलं पांढरट लाकूड मोकळं होतं. ओलावा आणि बुरशी शिरते ती तिथूनच. चिवट, मेणचट पानंही चुरडून किंवा कापून घ्या.

आता भिजवण. वाळलेल्या काड्या पिंपात एक-दोन दिवस बुडवून ठेवा; नुसतं वरून पाणी शिंपडलं तर ते ओघळून जातं. भिजवलेलं पाणी ढिगावरच वापरा.

हिरवा माल आधी जमवून ठेवलेला बरा. सूक्ष्मजीवांना साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं, आणि लाकडाच्या भुशात एक भाग नत्रामागे कर्ब काही शे भाग असतो. त्यामुळे ताजं गवत, भाजीची देठं-सालं, शेण असं काही मापाने काड्यांइतकं तरी हवं. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब आले की ओलावा बरोबर. ढीग लांबी, रुंदी, उंचीला मीटरभर तरी असावा, नाहीतर ऊब टिकत नाही.

जागा मात्र दोन ढिगांची राखा, माझा हा आग्रहच आहे. लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याला टणकपणा देणारा घटक, फोडण्याचं काम मुख्यतः बुरशी करते, आणि साठ अंशांच्या वर तापलेल्या ढिगात ती तग धरत नाही. सुरुवातीला ढीग तापू द्या, अधूनमधून परता. निवला की दुसऱ्या जागी हलवा आणि पुढे काही महिने त्याला हात लावू नका. सारखं परतलं तर बुरशीचं जाळं तुटतं. कोरडा पडला तर पाणी तेवढं द्या.

शेवटी सेंटिमीटरभर भोकांची चाळणी लागेल. वर उरलेल्या काड्या पुढच्या ढिगात घाला, त्यांच्यावरची बुरशी विरजणाचं काम करते. अर्धवट कुजलेलं लाकूड मातीत मिसळलं तर ते कुजताना झाडांच्या वाट्याचं नत्र ओढून घेतं. ते घालायचंच असेल तर आच्छादन म्हणून मातीवर पसरा, खोडापासून थोडं लांब.