मुलीच्या ताटात उरणारी भाजी
ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईतून आणलेली फरसबी किंवा दुधी मुलीच्या ताटात जशीच्या तशी उरत असे, आणि समजावणे, आमिष दाखवणे हे सर्व उपाय थकल्यावर मी भाजीऐवजी तिची वेळ बदलली. खेळून भुकेल्या आलेल्या मुलीपुढे बिस्किटांचा डबा न ठेवता मीठ-लिंबू लावलेल्या काकडी-गाजराच्या चकत्या ठेवू लागले, तेव्हा त्या पोळ्या होईपर्यंत संपू लागल्या.

कोबीचे दुखणे वेगळे होते. तो जास्त शिजला की त्यातील गंधकयुक्त संयुगांमुळे उग्र वास येतो, म्हणून हिंग-मोहरीच्या फोडणीत, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, किंचित करकरीत राहील इतपतच परतते. मेथी मात्र आजही केवळ थालीपिठातच चालते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. नवी भाजी मुलांच्या अंगवळणी पडण्यास ती ८-१० वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चाखावी लागू शकते. त्यामुळे चमचाभरच वाढायची आणि आग्रह करायचा नाही, असे घरात ठरले (आजीला हे पटवणे सर्वांत अवघड गेले). जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठीही दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते, म्हणून आता मोठ्यांच्या ताटातही भाजी पोळीच्या आधी वाढली जाते.