सुपरएलिप्सचा फर्मा कापून घेताय? या चुका टाळा

उद्यमनगरात टेबलटॉपचा फर्मा कापून घेताना माझी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) आख्खी शीट वाया गेली. मशीनवाल्याचं काही चुकलं नव्हतं, आकडे मीच चुकीचे दिले होते.

सुपरएलिप्स म्हणजे लंबवर्तुळ आणि आयत यांच्या मधला आकार. फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे यांनी १८१८ मध्ये हे वक्र मांडले. सूत्र लंबवर्तुळाचंच, फक्त वर्गाऐवजी घातांक न: |क्ष/अ| चा न-वा घात + |य/ब| चा न-वा घात = १. इथे क्ष आणि य म्हणजे मध्यापासून बिंदूचं आडवं-उभं अंतर, अ आणि ब म्हणजे अर्धी लांबी आणि अर्धी रुंदी. न २ असेल तर साधं लंबवर्तुळ. तो वाढवत नेला की आकार कोपऱ्यांकडे भरत जातो. स्टॉकहोमच्या सेर्गेल्स चौकासाठी डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी १९५९ मध्ये न २.५ आणि लांबी-रुंदी ६:५ धरली. मला तेच प्रमाण आवडलं: १२० बाय १०० सेंमी, म्हणजे अ ६०, ब ५०.

दोन खिळे आणि दोरी इथे चालत नाहीत, त्यातून लंबवर्तुळच निघतं. आयताचे कोपरे कंपासने गोल करणंही नको. सरळ रेघ जिथे कंसाला भिडते तिथे वळण एकदम बदलतं आणि पॉलिश केल्यावर उजेडात ते डोळ्याला टोचतं.

माझी शीट गेली ती घातांकामुळे. कोनावरून बिंदू काढताना अ ला कोसाइनच्या घाताने गुणून क्ष आणि ब ला साइनच्या घाताने गुणून य मिळतो; हा घात २.५ नसतो, २ भागिले २.५, म्हणजे ०.८ असतो. मी २.५ घातला आणि कोपरे आत ओढलेली चांदणी कापून आली! म्हणून आधी ४५ अंशांचा एकच बिंदू तपासा: क्ष ४५.५, य ३७.९ सेंमी यायला हवा. लंबवर्तुळात तो ४२.४ आणि ३५.४ येतो. एक्सेलमध्ये पाव भागच नीट येऊन बाकी ठिकाणी एरर दिसली, तर केवलमूल्य (चिन्ह सोडून नुसती संख्या) घ्यायचं राहिलंय. ऋण संख्येचा ०.८ वा घात तिथे निघत नाही.

बिंदूंचं अंतरही बघा. दर ५ अंशांनी घेतले, तर लांब टोकाला पहिलीच उडी ७ सेंमीची पडते. तिथे अर्ध्या अंशाने घ्या.

कडेला ५ सेंमीची पट्टी हवी म्हणून अ आणि ब मध्ये ५ मिळवू नका. पट्टी कोपऱ्याकडे ५.३ होते आणि जोड बसत नाही. मूळ रेघेलाच ५ सेंमीचा ऑफसेट (सगळीकडे सारख्या अंतरावरची रेघ) मारायला सांगा.